देवदर्शनापासून सहलीपर्यंत : पुणे शहर व परिसरातील कौटुंबिक सहलींचा सामाजिक इतिहास

प्रास्ताविक

एखाद्या शहराचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः तेथील राज्यकर्ते, वाडे, पेठा, चळवळी आणि संस्था यांचा विचार करतो. त्या शहरातील कुटुंबे सुटीच्या दिवशी कोठे जात होती, कोणाबरोबर जात होती, बरोबर कोणते अन्न नेत होती आणि मुख्य म्हणजे घराबाहेर पडण्यासाठी कोणते कारण सांगत होती, हे प्रश्न अभ्यासकाला किरकोळ वाटतात. पुण्याच्या बाबतीत तर ही उणीव विशेष जाणवते, कारण या शहरावर विपुल लेखन झाले आहे. ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८५ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यासंबंधीचा अठरावा खंड तीन भागांत निघाला. अशा ग्रंथांतून देवळे, बागा, तळी आणि धरणे यांची माहिती भरपूर मिळते. मात्र त्या देवळात वा बागेत मुलाबाळांसह आलेले कुटुंब आपल्याला ओळींच्या मधूनच वाचावे लागते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, पुणेकर कुटुंबे ज्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या सहलीला जात आली, त्यांतील जवळजवळ सर्व ठिकाणे दुसऱ्याच प्रयोजनासाठी निर्माण झालेली होती. देऊळ उपासनेसाठी, किल्ला युद्धासाठी, बंधारा पाण्यासाठी, बाग सैनिकांसाठी. कुटुंबाने तेथे जाऊन आनंद घेतला तो या मूळ प्रयोजनाच्या आडोशाने. करमणूक ही स्वतंत्र गरज आहे हे मान्य न करता ती दुसऱ्या नावाखाली उरकण्याची ही सवय समाजाला लागली आणि पुढे शासनालाही लागली. या सवयीतून काही माणसे अशा ठिकाणांच्या बाहेरच राहिली आणि अशा ठिकाणांची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्नही अनुत्तरित राहिला. अभ्यासाची कालमर्यादा अठराव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंतची आहे. स्थलमर्यादा म्हणून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल एवढे अंतर गृहीत धरले आहे.

देवाच्या निमित्ताने

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत पुण्याचा जो विस्तार झाला त्यात पर्वतीचे स्थान मध्यवर्ती आहे. टेकडीवरील देवदेवेश्वराचे मंदिर १७४९ चे. याच सुमारास कात्रजच्या तलावातून शहरात नळाने पाणी आणण्याचे काम झाले आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधण्यात आले. तळ्याच्या मधोमध बेट राखून त्यावर बाग करण्यात आली. हाच सारसबाग. या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपतीची स्थापना केली, तो ‘तळ्यातला गणपती’. पायथ्याच्या परिसरात पेशव्यांचा शिकारखाना होता आणि त्यात देशोदेशींचे प्राणी ठेवलेले असत. म्हणजे टेकडी, देऊळ, तळे, बाग आणि प्राणी हे सहलीचे सगळे साहित्य अठराव्या शतकाच्या अखेरीस एकाच जागी जमलेले होते. तथापि त्याची रचना राजाची भक्ती आणि राजाचे वैभव यांसाठी झालेली होती. सामान्य कुटुंब तेथे जाई ते दर्शनाला. श्रावणी सोमवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून जाणे, वर वारा खाणे, तटावरून शहर न्याहाळणे आणि उतरताना मुलांना काहीतरी घेऊन देणे, या सगळ्याचे एकत्रित नाव ‘दर्शन’ असेच होते.

ही केवळ शब्दांची गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय, विशेषतः ब्राह्मण घरातील स्त्रीला घराबाहेर पडण्यास कारण लागत असे आणि ते कारण वडीलधाऱ्यांना मान्य व्हावे लागे. ‘हवा खायला जाते’ हे कारण होऊ शकत नव्हते. ‘देवीची ओटी भरायला जाते’ हे होऊ शकत होते. नवरात्रात चतुःशृंगीची जत्रा, कार्तिकात आवळीभोजन, श्रावणात सोमेश्वर किंवा ओंकारेश्वर, संकष्टीला गणपती. वर्षाचे पंचांग नीट पाहिले तर स्त्रियांना मोकळ्या हवेत नेणारे दिवस त्यात जागोजागी पेरलेले दिसतात. आवळीभोजनाचे उदाहरण तर बोलके आहे. आवळ्याच्या झाडाखाली पूजा करून तेथेच पंक्ती बसविणे हे व्रताचे अंग; परंतु त्यासाठी घरातील सर्व स्त्रिया, मुले, शेजारणी गावाबाहेरच्या मळ्यात दिवसभर जाऊन राहत. आज ज्याला आपण वनभोजन म्हणतो त्यात आणि यात फरक एका झाडाचा आणि एका पूजेचा. व्रताला वजा करून उरणारा आनंद किती हे मोजण्याचे साधन आपल्यापाशी नाही, पण तो पुष्कळ असावा असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दशमी, चहा आणि भेळ

सहलीचा इतिहास हा शिदोरीचाही इतिहास आहे. सोवळ्याओवळ्याचे नियम पाळणाऱ्या घरात प्रवासात काय खावे हा गंभीर प्रश्न होता. त्यावरील तोडगा म्हणजे दशमी. पाण्याऐवजी दुधात पीठ मळून केलेली ही भाकरी वा पोळी प्रवासात खाण्यास निषिद्ध मानली जात नसे. पाण्याचा स्पर्श टाळला की विटाळही टळतो, असा त्यामागचा विचार. दशमी, वर लसणीची किंवा दाण्याची चटणी, लोणच्याची फोड आणि केळीच्या पानात बांधलेला दहीभात, एवढ्यावर देहू-आळंदीची वाट चालली जाई. शिदोरी चविष्ट होती यात शंका नाही. पण ती बांधण्यामागे दुसऱ्याच्या हातचे खावे लागू नये ही दक्षता होती, हे विसरता येत नाही.

ही दक्षता किती कडक होती याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८९० चे पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण. तेथे दिलेला चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. सभेला गेलेल्या पुढाऱ्यांची ही अवस्था, तर बायकामुलांना घेऊन फिरायला गेलेल्या सामान्य गृहस्थाने बाहेर काही विकत घेऊन खाणे कितपत शक्य होते, याची कल्पना करता येते.

या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सारसबागेच्या दाराशी गाडीवर भेळ खाणारे कुटुंब पाहिले तर बदलाचे मोल लक्षात येते. चुरमुरे कोणी भाजले, चिंचेचे पाणी कोणी कालवले, शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, यांपैकी काहीही न विचारता एका कागदावर चौघांनी खाणे ही पुण्याच्या सामाजिक इतिहासातील लहान घटना नाही. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे साधले नाही ते भेळवाल्याने साधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु या बदलात त्याचा वाटा कोणी मोजलेला नाही, एवढे खरे.

सिंहगडावर हाच क्रम वेगळ्या रीतीने घडला. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमाने इतिहासात अमर झालेला हा गड १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे उन्हाळ्यात हवापालटासाठी युरोपीय लोक तेथे राहू लागले. लोकमान्य टिळकांचाही गडावर बंगला होता. सामान्य कुटुंबांची वर्दळ वाढल्यावर पायथ्याच्या गावांतील लोकांनी, त्यांतही स्त्रियांनी, चुलीवरचे पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही विकायला सुरुवात केली. ज्या शहरी मध्यमवर्गाच्या आजीने वाटेवरच्या गावात पाणी पिण्याआधी चार प्रश्न विचारले असते, त्याच वर्गातील नात गडावर मांडी घालून शेतकरी बाईच्या हातची भाकरी आवडीने खाते आणि घरी येऊन तिच्या चवीची तारीफ करते.

पर्वतीच्या पायऱ्या कोणासाठी होत्या?

येथवरचे वर्णन ज्यांना देवदर्शनाचे निमित्त उपलब्ध होते त्यांचे झाले. ज्यांना देवळातच प्रवेश नव्हता त्यांचे काय? करमणुकीला धर्माचा आडोसा घ्यावा लागतो तेव्हा धर्माच्या बंद दाराबाहेर ठेवलेला माणूस करमणुकीच्याही बाहेर राहतो. पर्वतीच्या संदर्भात हे विधान अक्षरशः खरे आहे. पुणे शहरातील सर्वांत रमणीय, सर्वांत जवळची आणि फुकट असलेली जागा अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांसाठी मोकळी नव्हती.

१३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वती सत्याग्रहाला प्रारंभ झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्याचे अग्रणी होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण तरुणही त्यात सहभागी झाले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, मंदिराची दारे बंद राहिली आणि १९३० च्या जानेवारीपर्यंत चाललेले आंदोलन प्रवेशावाचूनच थांबले. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काही महिने आधीची ही घटना आहे. कायद्याने ही बंदी संपण्यास १९४७ चा मुंबई हरिजन मंदिर प्रवेश कायदा यावा लागला.

या सत्याग्रहाचा विचार आजवर मंदिरप्रवेशाच्या अंगाने झाला आणि तो योग्यच आहे. तथापि तो फिरण्याच्या हक्काच्या अंगानेही व्हावा असे सुचवावेसे वाटते. तो दिवस रविवारचा होता. पर्वतीवर जाणाऱ्या इतर कुटुंबांच्या दृष्टीने पर्वती म्हणजे निव्वळ गाभारा नव्हता. ती एक संपूर्ण टेकडी होती, वारा होता, संध्याकाळ होती. मंगळवार पेठेतील वा लष्कर भागातील एखाद्या दलित मुलाला शहर वरून कसे दिसते हे पाहायचे असेल तर त्याला काय उत्तर मिळत होते, हा प्रश्न मंदिरप्रवेशाच्या चर्चेत हरवून जातो.

बंड, बाग आणि बंधारे

इंग्रजी अमदानीत शहराच्या पूर्वेस आणखी एक पुणे उभे राहिले, ते लष्कराचे. मुळामुठेवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून बंधारा झाला, तो लष्कर भागाच्या पाण्यासाठी. त्याच्या काठावर बाग झाली आणि तिला ‘बंड गार्डन’ हेच नाव पडले. आज ती महात्मा गांधी उद्यान म्हणून ओळखली जाते. शेजारचा फिट्‌झगेराल्ड पूल १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. या बागेत लष्करी बँड वाजत असे आणि साहेबलोकांच्या गाड्या संध्याकाळी तेथे जमत. एम्प्रेस गार्डनचा प्रारंभ सैनिकांच्या बागेतून झाला; १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानच्या सम्राज्ञीपदाची उपाधी धारण केली, त्या उपाधीवरून तिला हे नाव मिळाले. ३९ एकरांची ही बाग आजही ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे आणि दर जानेवारीत तेथे भरणारे फुलांचे प्रदर्शन पाहायला पेठांतील कुटुंबेही जातात. या बागांत एतद्देशीयांना प्रवेश असो वा नसो, पेठेतल्या कुटुंबाला तेथे ‘आपले’ वाटण्यास पुष्कळ वर्षे लागली असावीत. अंतर मैलांचे नव्हतेच.

खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला इंजिनिअर फाइफ यांचे नाव देण्यात आले होते. शेतीला आणि शहराला पाणी हे त्याचे प्रयोजन. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली आणि नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. ज्या पिढीने ते पाणी घरात शिरताना पाहिले तिची मुले आणि नातवंडे पुन्हा बांधलेल्या त्याच धरणाच्या काठाला ‘चौपाटी’ म्हणतात, तेथे मक्याची भाजलेली कणसे खातात, आणि पावसाळ्यातल्या रविवारी त्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते. मुंबईच्या चौपाटीचे नाव समुद्र नसलेल्या गावाने धरणाला द्यावे, हे त्या गावाची हौस आणि अडचण दोन्ही सांगून जाते.

रेल्वेने हे वर्तुळ आणखी मोठे केले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे ही गाडी सुरू झाली. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन मुंबईशी सलग लोहमार्ग जोडला गेला. लोणावळ्याजवळचा भुशी येथील बंधारा हा रेल्वेनेच वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधला. वाफेची इंजिने गेली, बंधारा राहिला, आणि त्याच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसणे हा पावसाळी सहलीचा मुख्य विधी झाला. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाल्यावर तर कार्ला-भाजे येथील लेणी, एकवीरा आणि लोणावळा ही ठिकाणे सर्वसामान्यांच्या खिशाला परवडण्याजोगी झाली.

रविवार आणि गुरुवार

सहलीला जागा लागते तसा वेळही लागतो. कष्टकऱ्यांच्या आठवड्यात सुटी ही संघर्षाने आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक चळवळीतले. रविवार हा खंडोबाचा वार आहे, कामगारांना त्या दिवशी देवाची सेवा करायची असते, असा युक्तिवाद त्यांच्या नावाने सांगितला जातो. कर्मकांडाचे टीकाकार असलेल्या चळवळीतील कार्यकर्त्यालाही विश्रांती मागताना खंडोबाला साक्षीला बोलवावे लागले, यात लोखंड्यांची चतुराई आहे आणि समाजाची नाडीही आहे. विश्रांती हा स्वयंसिद्ध हक्क ठरत नव्हता. देव मध्ये घातला की ठरत होता.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात पुढे वेगळाच गुंता झाला. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना सुरू झाला आणि नंतर पिंपरी-चिंचवड परिसरात कारखान्यांची रांग उभी राहिली. वीजपुरवठ्याच्या नियोजनामुळे येथील कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असे. शाळा मात्र रविवारी बंद. परिणामी हजारो घरांत वडिलांची सुटी आणि मुलांची सुटी यांची गाठच पडत नसे. प्रस्तुत लेखकाच्या घरी हाच प्रकार होता. सहल म्हणजे दिवाळी आणि मे महिना, एरवी आईबरोबर चतुःशृंगी. कौटुंबिक सहलीच्या इतिहासात विद्युत मंडळाच्या वेळापत्रकाचा अध्याय असावा हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, परंतु तो आहे.

पेशवे पार्क : एक अपवाद

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. शहराची बससेवाही त्याच वर्षी पालिकेच्या हाती आली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९५३ मध्ये, पर्वतीच्या पायथ्याशी जुन्या तळ्याच्या परिसरात पेशवे पार्क हे उद्यान आणि प्राणिसंग्रहालय उभे राहिले. ८ एप्रिल १९५६ रोजी, रविवारी, तेथे ‘फुलराणी’ ही लहान मुलांची आगगाडी धावू लागली. पुढे विसाव्या शतकात तळे बुजवून झालेल्या जागेवर सारसबागेचे आजचे विस्तीर्ण उद्यान तयार झाले.

या घटनेचे महत्त्व नीट पाहिले पाहिजे. शिकारखाना पेशव्यांचाही होता; पण तो पेशव्यांचा होता. येथे प्रथमच शहराने करातून आलेला पैसा मुलांच्या आनंदासाठी, दुसरे काहीही निमित्त न सांगता, खर्च केला. फुलराणी कोठेही जात नाही. ती बागेभोवती फेरी मारून निघाली तेथेच परत येते. तिने धान्य वाहायचे नव्हते की सैन्य. तिच्या डब्यात बसण्यासाठी तिकिटापलीकडे काही लागत नव्हते. ज्या टेकडीच्या पायथ्याशी २७ वर्षांपूर्वी माणसांना माथ्यावर जाऊ नये म्हणून दगड मारले गेले, त्याच पायथ्याशी सर्व जातींची, सर्व धर्मांची मुले एका बाकावर गर्दी करून बसू लागली. समतेचा कायदा राज्यघटनेने १९५० मध्ये दिला होता, येथे त्याचा सराव झाला. पुण्यातील या एका लोखंडी रुळाच्या वर्तुळाला सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात अधिक जागा मिळायला हवी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

पालिकेचा हा उत्साह सर्वस्वी ओसरला असे नाही. कात्रज येथे १९८६ मध्ये सर्पोद्यान झाले. १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय खुले झाले आणि पेशवे पार्कमधील प्राणी टप्प्याटप्प्याने तेथे नेण्यात आले. लहान पिंजऱ्यांपेक्षा कात्रजचे विस्तीर्ण आवार प्राण्यांच्या हिताचे होते, याबद्दल दुमत नसावे. सिंहगड रस्त्यावर जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर पु. ल. देशपांडे उद्यान झाले आणि तेही लोकप्रिय आहे. परंतु शहर ज्या वेगाने वाढले त्या मानाने ही भर अपुरी पडली. उरलेली जागा तिकीट परवडणाऱ्यांसाठी जलक्रीडा उद्यानांनी, रिसॉर्टनी आणि मॉलनी घेतली, आणि ज्यांना ते परवडत नाही ती कुटुंबे पुन्हा जुन्याच मार्गाने, म्हणजे दुसऱ्या कारणासाठी बांधलेल्या जागांकडे, वळली.

देव, देश आणि ज्ञान

देवाच्या निमित्ताला विसाव्या शतकात दोन जोडीदार मिळाले. शाळांनी ‘शैक्षणिक सहल’ रूढ केली. शनिवारवाडा, राजा दिनकर केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस ही तिची ठरलेली स्थाने. आगाखान पॅलेसमध्ये १९४२ ते १९४४ या काळात महात्मा गांधी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे तेथेच निधन झाले. त्या समाध्यांपुढे मुलांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे आणि मग हिरवळीवर डबे उघडायचे, हा क्रम पुण्यातील कोणत्याही शाळेत शिकलेल्याच्या परिचयाचा आहे. मुलांच्या आठवणीत डबाच अधिक राहतो, याबद्दल शिक्षकांनी खंत करण्याचे कारण नाही.

दुसरीकडे एस.टी.ने देवदर्शनालाच नवे रूप दिले. राज्यातील पहिली एस.टी. बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) या मार्गावर धावली. थेऊर, मोरगाव, रांजणगाव ही अष्टविनायकांपैकी स्थाने पुण्याहून एका दिवसात होण्याजोगी. १९७९ मध्ये ‘अष्टविनायक’ हा मराठी चित्रपट आला आणि या यात्रेची लोकप्रियता घरोघर पोचली. यात्रा करणारे भाविक होते यात शंका नाही. पण बसमधली गाणी, वाटेतली उसाची गुऱ्हाळे आणि मोरगावहून परतताना जेजुरीला दिलेली धावती भेट पाहिली, तर आवळीभोजनाचेच सूत्र चार चाकांवर चालले होते हे लक्षात येते. फरक एवढाच की आता सासूबाई स्वतःच खिडकीची जागा धरून बसत.

पाण्याच्या काठी

जी जागा मुळात सहलीसाठी नाही तेथे सहल गेली की काय होते, हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखवून दिले. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण, एक स्त्री आणि चार मुले, अचानक वाढलेल्या प्रवाहात वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांना धरून उभे असलेले ते कुटुंब अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध लागू केले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले आणि अनेक जण जखमी झाले. तोही रविवारच होता.

दोन्ही वेळी सार्वजनिक चर्चेचा सूर एकच होता : लोक तेथे गेलेच कशाला? हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात घराच्या उंबऱ्यावर स्त्रीला हाच प्रश्न विचारला जात होता आणि १९२९ मध्ये पर्वतीच्या पायथ्याशी सत्याग्रहींनाही तोच विचारला गेला. भुशीचा बंधारा इंजिनांच्या पाण्यासाठी होता, कुंडमळ्याचा पूल गावकऱ्यांना नदी ओलांडण्यासाठी होता. एका रविवारी तेथे शेकडो कुटुंबे येतील हे तो बांधणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते. तथापि ती येत आहेत हे त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात सर्वांना दिसत होते. बंदीचा फलक लावण्यास एक दिवस पुरतो. कठडा, जीवरक्षक, पाण्याच्या पातळीची सूचना देणारा भोंगा आणि परतीच्या बसची सोय यांना खर्चाचे शीर्षक लागते. असे शीर्षक १९५३ च्या पालिकेने एका बागेपुरते निर्माण केले होते. भुशीचा बंधारा रेल्वेचा, भोवतालचे जंगल वनखात्याचे, तेथवरचा रस्ता आणखी कोणाचा आणि बंदोबस्त पोलिसांचा. त्या पायऱ्यांवर पाण्यात बसलेली मुले मात्र यांपैकी कोणाच्याही दप्तरात नाहीत.